चौतीसची पँट

मी बारीक आहे, अशी माझी कालपरवापर्यंत ठाम समजूत होती, आणि ती काही माझी एकट्याची नव्हती. लग्नात सासरच्या एका मावशींनी "मुलगा अंगानं जरा कमीच आहे" असं मला नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हटलं होतं, शाळेत पोरांनी माझं नाव 'खडू' पाडलं होतं आणि ते मला माहीत नाही अशा समजुतीने ती ते माझ्यासमोरच वापरायची, आणि मनगट तर आजही असं आहे की नवीन घड्याळ घेतलं की पट्ट्याला जादा भोकं पाडून घ्यावी लागतात. मध्यंतरी शर्टाचं खालून दुसरं बटण तेवढं कुरकुरायला लागलं होतं. त्याचा दोष मी इस्त्रीवाल्याला देत आलो. कापड आटतं.

शिवाय माझ्याकडे लेखी पुरावा होता. माझ्या पँटच्या आत शिवलेल्या पट्टीवर 34 हा आकडा आहे, आणि लग्नातल्या सुटाच्या पँटवरही तोच होता. चौतीस इंच म्हणजे साधारण 86 सेंटिमीटर. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत असावी, हे मी पेपरात वाचलं होतं आणि ते कात्रण पाकिटात ठेवून चार माणसांत वेळोवेळी दाखवतही होतो. हयात गेली माझी गणित शिकवण्यात. आकडा हाताशी असला की मला कुणाची भीती वाटत नाही.

आमच्या मेहुण्याचीसुद्धा.

मेहुणा म्हणजे सौ.चा धाकटा भाऊ, बाळू. राहतो आमच्या मलकापूरच्या जवळच, गोळेश्वरला. खाशाबा जाधवांचं गाव ते. खाशाबांनी 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कुस्तीचं ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. आणि त्या गावातल्या पोराला वयाची काही वर्षं तरी आपणही हेलसिंकीला जाणार असं वाटल्याशिवाय राहत नाही. बाळूलाही वाटलं. तो तालमीत घुमला, जोर-बैठका मारल्या, यात्रांमधून आधी नारळावर आणि मग नोटांवर कुस्त्या धरल्या, आणि शेवटी ऊस आणि म्हशी यांच्यात रमला. त्याची मान नेमकी कुठे संपते हे सांगता येत नाही. तो बसला की खुर्ची बोलते. उंची आम्हां दोघांची एकच, 168 सेंटिमीटर. पण त्याचं वजन 72 किलो आणि माझं 68. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो. त्याचा साडेपंचवीस, माझा चोवीसच्या किंचित वर. भारतीय माणूस पंचविसाला पोचला की लठ्ठ धरतात, हे मी त्याला प्रत्येक सणाला सांगायचो. भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ तेविसावरच ओढलेली आहे, हे सांगायचं तेवढं राहून जायचं. बासुंदीची वाटी त्याच्या पुढ्यातून अलगद माझ्याकडे ओढत मी म्हणायचो, "बाळू, हार्टला जप." तो बिचारा म्हणायचा, "होय दाजी."

तर पुण्याच्या मुलीने फोनवरूनच माझ्यासाठी रक्ततपासणीचं एक पॅकेज घेतलं. त्यात एकावर एक फुकट होतं. सौ. म्हणाली, "माझं रक्त जिथं आहे तिथं बरं आहे." फुकटचं वाया जाऊ नये म्हणून मी तिच्या जागी बाळूचं नाव घातलं. खरं तर मला त्याचा रिपोर्ट बघायचा होता.

तपासणीच्या आदल्या रात्री एका पाहुण्यांच्या गावची यात्रा निघाली. यात्रेला गेलं की मटणाला नाही म्हणता येत नाही, वाढणाऱ्यालाही नाही म्हणता येत नाही, आणि मी मुळात कशालाच फारसं नाही म्हणत नाही. माझी एक दाढ आधीपासून ठणकत होती, हिरडी सुजलेली होती, ती लवंगेवर दाबून ठेवली होती. नळीचं हाड नेमकं तिच्यावरच आलं. तरीही मी रस्सा सोडला नाही.

नियम होता बारा तास उपाशी राहण्याचा. मी उपाशीच होतो. सकाळी नेहमीचा कपभर चहा तेवढा घेतला, पण चहाला आपल्याकडे कुणी खाणं म्हणत नाही. आणि चहाबरोबर खारी घेतली ती दाढेमुळे चावता येईना म्हणून पूर्ण बुडवून, विरघळवून, म्हणजे प्यायलोच म्हणा ना. रक्त न्यायला आलेल्या मुलाने विचारलं, "काका, उपाशी आहात ना?" मी म्हटलं, "कडकडीत." बाळू पहाटे चारला म्हशींच्या धारा काढून पोटात पाण्याशिवाय काही न घालता आला होता आणि भिंतीला टेकून जांभया देत होता. मला त्याची दया आली.

संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. एकूण कोलेस्टेरॉल 210. चांगलं समजलं जाणारं एचडीएल 36. पुरुषाला ते 40 तरी हवं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, 412. ती दीडशेच्या आत असावी. खाली एक टीप होती की नमुना दुधाळ दिसतो. आणि ज्याची सगळीकडे धास्ती असते त्या एलडीएलच्या पुढे आकडाच नव्हता. लिहिलं होतं: काढता येत नाही.

गणिताच्या मास्तराला हे वाक्य सहन होत नाही. मी फोनवर शोधलं तेव्हा कळलं की पुष्कळ ठिकाणी एलडीएल थेट मोजतच नाहीत, सूत्राने काढतात. फ्रीडवाल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने ते आपल्या सहकाऱ्यांबरोबर 1972 साली दिलं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, उरलं ते एलडीएल. आणि गंमत बघा, क्वेटलेट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाच्या जुन्या सूत्राला बीएमआय हे नाव अमेरिकेत ॲन्सेल कीजने दिलं तेही त्याच 1972 मध्ये. इकडे महाराष्ट्रात तेव्हा दुष्काळ होता, बाया-माणसं खडी फोडत होती आणि आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत वाट्या घेऊन उभी होतो. आपल्या कमरेची आणि रक्ताची चिंता तिकडे कुणीतरी आधीच करून ठेवली आहे, याची आम्हांला काय कल्पना!

मी वहीचं मागचं पान उघडलं. 210 वजा 36. त्यातून 412 चा पाचवा भाग, 82.4. उत्तर 91.6. शंभराच्या आत! मी दोनदा ताळा करून पाहिला. मग सौ.ला सांगितलं, मुलीला सांगितलं, शेजारी सांगितलं, आणि साताऱ्याहून आलेला कंदी पेढ्यांचा बॉक्स फोडला. लॅबला जमलं नाही ते मी करून दाखवलं होतं.

दुसरा पेढा तोंडात असताना मी पान सरकवलं. तिथे तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं: एचएस-सीआरपी 11.4. शेजारच्या चौकटीत खुलासा होता. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, एक ते तीन मध्यम, तीनच्या वर जास्त.

पेढा घशाखाली उतरेना.

रात्री मी वाचत बसलो. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही दाह असला की ते वाढतं. मग 1997 मध्ये पॉल रिडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की धडधाकट दिसणाऱ्या पुरुषांमध्येही ज्यांचं सीआरपी वरच्या पातळीवर होतं, त्यांना पुढे हार्ट ॲटॅक जास्त आले. ती पाहणी अमेरिकेतल्या डॉक्टर मंडळींवरच केलेली होती. डॉक्टरांची ही गत, तर मास्तराचं काय! मी भागाकार केला. तीनवर धोका तर अकरा पूर्णांक चारवर धोका किती पट? त्रैराशिक मांडलं. मग पासबुकं कुठे आहेत, विम्याचा हप्ता भरलाय का, गॅसची पावती कुणाच्या नावावर आहे, असं एका कागदावर लिहून ठेवलं. सौ. अर्धवट झोपेत म्हणाली, "दिवा घालवा. दाढ दुखतीय तर लवंग धरा." दाढेकडे बघायला मला वेळ नव्हता.

मलकापूरला आजारी पडायची सोय उत्तम आहे. मेडिकल कॉलेज आहे, मोठं हॉस्पिटल आहे, आणि हायवेपासून ढेबेवाडी रोडपर्यंत इतके दवाखाने आहेत की निरोगी माणसाला चालताना अवघडल्यासारखं होतं. त्यातल्याच एका दवाखान्यातला डॉक्टर माझा विद्यार्थी. हुशार मुलगा. दहावीच्या सरावपरीक्षेत मी त्याचा अर्धा मार्क कापला होता, कारण उत्तर बरोबर असूनही 'येथे क्ष शून्य नाही' ही अट त्याने लिहिली नव्हती. मी त्याच्यासमोर रिपोर्ट ठेवला आणि वर माझी वही ठेवली.

त्याने वही पाहिली. बराच वेळ पाहिली.

"सर," तो म्हणाला, "ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही. लॅबनं म्हणूनच आकडा छापला नाही. ट्रायग्लिसराइड जितकं वाढेल तितकं जास्त वजा होतं, आणि एलडीएल उगीच कमी दिसतं. तुम्ही अट लिहिली नाही, सर."

त्याने मार्क कापले नाहीत, एवढंच.

मग त्याने उपाशी राहण्याविषयी विचारलं. मी चहाचं सांगितलं. खारीचं सांगितलं. आदल्या रात्रीच्या यात्रेवर आलो तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं. सीआरपीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे दहाच्या वर आहे. दहाच्या वर गेलं की त्यावरून हृदयाचा अंदाज बांधतच नाहीत. आधी शरीरात कुठे जंतुसंसर्ग आहे का ते बघतात, तो बरा झाला की पुन्हा तपासतात. तुमचा गाल सुजलाय, सर."

दाढ काढली. रात्री लिहून ठेवलेला तो कागद मी गुपचूप फाडून टाकला, पण गॅसची पावती खरोखरच वडिलांच्या नावावर होती, ती बदलून घेतली. मग मध्ये पुरेसे दिवस जाऊ देऊन, खरोखर उपाशी राहून, पुन्हा रक्त दिलं. आता मी बाळूचा जुना रिपोर्टही मागवून घेतला, म्हटलं निदान शेजारी ठेवून वाचू. माझं ट्रायग्लिसराइड 228, त्याचं 118. माझं एचडीएल तेच 36, त्याचं 46. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि सीआरपी, दाढ नसताना, ताप नसताना, खारी नसताना, माझं 3.4. बाळूचं 0.7.

तीन-तीन मराठी वर्तमानपत्रं वाचणारा, चष्मा लावणारा, जेवताना पालेभाजी वाढून घेणारा मी. आणि म्हशीच्या सायीवर साखर घालून भाकरी खाणारा तो. डॉक्टरला विचारलं, हा न्याय आहे का? त्याने मला चरबीचं राजकारण समजावून सांगितलं. चरबी पोटात नुसती साठून राहत असती तर फार बिघडलं नसतं. पण तिच्यातून इंटरल्यूकिन-6 नावाचं द्रव्य सुटतं, आणि ते यकृताला सीआरपी बनवायला लावतं. गावातला एखादा उद्योग नसलेला माणूस जसा ग्रामपंचायतीकडे रोज एक तक्रारअर्ज टाकतो आणि ग्रामपंचायतीला प्रत्येक अर्जावर शिपाई धाडावा लागतो, तसं हे काम वर्षानुवर्षं चालतं. आतड्यांभोवतीची चरबी यात सगळ्यांत उपद्व्यापी, कारण तिथलं रक्त पहिल्यांदा यकृतातच जातं. त्याउलट चरबीतूनच निघणारं ॲडिपोनेक्टिन नावाचं एक गुणी संप्रेरक आहे, ते साखर आवरतं आणि रक्तवाहिन्या सांभाळतं. पण पोट वाढलं की तेच कमी होतं. माझ्या पोटातला एकुलता एक कामसू माणूस राजीनामा देऊन गेलेला होता.

"मग सीआरपी कमी करायची गोळी द्या," मी म्हटलं.

"सर, सीआरपी नुसतं कळवायचं काम करतं. ते पुसून काय होणार? पोट कमी करा."

"पण मी बारीक आहे!"

तेव्हा त्याने फोनवर एक फोटो दाखवला. दोन डॉक्टर शेजारी उभे. एक लंडनचे जॉन युडकिन. सीआरपी अंगावरच्या चरबीबरोबर वाढतं आणि त्याचं मूळ चरबीतच असावं, हे 1999 मध्ये ज्यांनी मांडलं त्यांतलेच हे. दुसरे आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. हा फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी एकच, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. मजकुरात गमतीने असंही म्हटलं होतं की युडकिन मॅरेथॉन पळतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं. एवढ्या मोठ्या नियतकालिकात, स्वतःचा फोटो देऊन, आपल्याच चरबीचा आकडा छापणाऱ्या या गृहस्थांविषयी मला एकदम जिव्हाळा वाटला. आमच्या कुळातले निघाले.

याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली. ती सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंत बारीक, अवयवांत बारीक, पण कातडीखालची चरबी त्यांनी जवळजवळ पुरती राखलेली. दिसायला बारीक, आतून लठ्ठ. 'खडू' हे नाव पोरांनी चुकीचं ठेवलं होतं तर.

घरी आल्यावर मी शेवटचा बुरूज सांभाळला. म्हटलं, रक्त काहीही म्हणो, कंबर 86 आहे. सौ.ने शिवणाच्या डब्यातून टेप काढली. मी पँटच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. ती म्हणाली, "ते पोटाच्या खाली आहे." कंबर पँट जिथे अडकते तिथे मोजायची नसते, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये मोजायची असते, श्वास सहज सोडून, हे तिने माझ्याच पाकिटातल्या कात्रणाच्या मागच्या बाजूला वाचलं. ती बाजू मी कधी उलटून पाहिली नव्हती. तिने टेप गुंडाळली. मी श्वास आत ओढून उभा राहिलो. ती काही बोलली नाही, टेप धरून नुसती थांबली; बाहेर भाजीवाला आला, त्याला तिने तिथूनच मेथीचा भाव विचारला, तो महाग म्हणून घासाघीस केली, आणि माझे कान तांबडे व्हायला लागले तेव्हा शांतपणे म्हणाली, "सोडा आता."

सोडला. 101.

पँट चौतीसचीच राहिली होती, कारण दरवर्षी ती थोडी खाली उतरत गेली होती.

सध्या मी आगाशिवचा डोंगर चढतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे लेणी कोरली, त्यांत बौद्ध भिक्खू राहायचे. दुपारच्या आत एकदा जेवायचे आणि भिक्षेला रोज डोंगर उतरून पुन्हा चढायचे. सीआरपी त्यांचं नक्की एकच्या आत असणार. मी पहिल्या लेण्याशी टेकतो. बाळू मला सोबत म्हणून येतो आणि चढताना उसाचा दर, दुधाची फॅट, पोराचं लग्न असं सगळं न थांबता बोलतो. मी फक्त मान हलवतो, कारण शब्दाला लागणारी हवा उरलेली नसते. मधेच मागे वळून तो अगदी मनापासून म्हणतो, "दाजी, हार्टला जपा." बासुंदी त्याच्याकडे जाते आता. कंबर 98 वर आली आहे. पुढची तपासणी दिवाळीच्या आधी उरकायची, असं सौ.ने ठरवलंय, नंतरची तिला खात्री नाही.

तुमचंही मनगट बारीक असेल, पँटचा आकडा वर्षानुवर्षं तोच असेल आणि अंगानं जाड एखादा मेहुणा हाताशी असेल, तर त्याला काही बोलायच्या आधी घरातली टेप काढा आणि शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये लावून बघा, श्वास सोडून. पुरुषाला 90, बाईला 80. दात-दाढ दुखत असेल, सर्दी-ताप असेल, तर एचएस-सीआरपीची तपासणी पुढे ढकला. लॅबवाल्याने उपाशी या म्हटलं असेल तर चहा घेऊन जाऊ नका, बिनसाखरेचाही नको, आणि खारी तर कोणत्याही अवस्थेतली नको. पाणी तेवढं चालतं. आमच्या मलकापुरात ते चोवीस तास नळाला असतं, मीटरप्रमाणे बिल येतं.